राणीचा उजवा हात

दालनातल्या दगडी राणीला आता उजवा हात नाही. तो मनगटाशी संपतो. खालच्या फलकावर त्याबद्दल एक ओळ आहे: ‘उजवा हात नंतरच्या काळात जोडलेला होता; जतनाच्या कामात तो काढण्यात आला.’ ती ओळ मी लिहिली. तिच्यात खोटं काही नाही. पण फलकाला चाळीस शब्दांची मर्यादा असते. तो हात करणारी आणि तो फोडणारी बाई एकच होती, हे त्या चाळीस शब्दांत मावलं नाही.

संग्रहालयात तिला सगळे हाडवैदीण म्हणत. मूर्तींचे मोडलेले हातपाय बसवायची, म्हणून. तोंडावर मावशी आणि पाठीमागे हाडवैदीण. तिला दोन्ही ठाऊक होतं. “म्हणू देत गं,” ती म्हणायची. “माझ्या एका तरी पेशंटनं आजवर तक्रार केलीय का?”

मी तिला भेटले तेव्हा तिला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. मला तिथे आठ महिन्यांचं काम मिळालं होतं. पहिल्या मजल्यावरचं दालन नव्यानं मांडायचं होतं आणि तिथल्या प्रत्येक वस्तूचा फलक मी लिहायचा होता. दालनात सगळ्या बायकाच. त्याही साध्यासुध्या नव्हेत, सत्ता गाजवलेल्या. एक राणी दाढी लावलेली, कारण तिच्या देशात सिंहासनावर बसणाऱ्याला दाढी असते हे ठरलेलं होतं आणि बाई बसली म्हणून नियम बदलायला कुणी तयार नव्हतं. दोन सिंहांच्या पाठीवर पाय टेकून बसलेली एक देवता, एवढी निवांत की सिंह तिच्या घरचे पाट वाटावेत. धनुष्य ताणलेली एक योद्धी. रंगीत काचेच्या तुकड्यांतून जुळवलेली एक सम्राज्ञी, तोंडापेक्षा डोळे मोठे. लाकडात कोरलेली एक राजमाता, कपाळावर दोन उभे व्रण. आणि एका मोठ्या चित्रात टोपलीतून सेनापतीचं मुंडकं घेऊन निघालेली एक विधवा. ती मात्र अशी चाललेली, जणू बाजारातून परत येतेय आणि उशीर झालाय.

बहुतेक मूर्ती दूरदेशीच्या मूळ मूर्तींच्या प्लॅस्टरच्या नकला होत्या. अस्सल दगडी एकच, खिडकीसमोरची भालाधारी राणी. वय दीड-दोन हजार वर्षं. तिच्या उजव्या मनगटावर जतन विभागाच्या मॅडमना केसाएवढी एक तपकिरी रेघ दिसली आणि हाडवैदिणीला बोलावणं गेलं.

ती आली ती जिना चढून धापा टाकत. ठेंगणी, केस पूर्ण पांढरे, बोटं जाड आणि सांध्यांशी गाठाळलेली. मॅडम वयानं तिच्या निम्म्याच होत्या, परदेशात शिकून आलेल्या, पण बोलायला साध्या. त्यांनी कागद पुढे केला. जुन्या नोंदवहीत लिहिलं होतं, ‘उजवा हात, प्लॅस्टर. कर्ता अज्ञात.’

“मावशी, हा हात कुणी केला, आठवतंय काही? तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?”

“मी केला.”

मॅडम जरा गोंधळल्या. “मग आतली सळई...”

“लोखंडी आहे.” तिनं विचारायच्या आतच सांगून टाकलं. “पितळी घालायची असते, मला माहीत होतं. प्लॅस्टरात लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि फुगलं की दगडाला चिरतं. पहिल्या वर्षी शिकवतात हे. मी शिकूनही घातली.”

“का पण?”

“घाई होती,” ती म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली.

मॅडमनी क्ष-किरणांची फिल्म दिव्यासमोर धरली. सळई दगडी मनगटात चार बोटं आत होती आणि प्लॅस्टरच्या तळहातात तीन बोटं. दोन्हीकडे गंजानं घट्ट धरलेली. मार्ग दोनच होते. हात शाबूत ठेवायचा तर दगडी मनगटाला वरून भोक पाडून सळई सोडवायची. दगडाला आधीच चीर गेलेली, तो टिकेल न टिकेल. नाहीतर प्लॅस्टरचा हात फोडायचा, सळई उघडी करायची आणि थोडी थोडी कापत बाहेर काढायची. मग दगड नक्की वाचेल.

“नियम म्हणतो दगड आधी,” मॅडम म्हणाल्या. “पण हातही आता एकतीस वर्षांचा आहे. लोकांनी राणी पाहिली ती ह्याच हातासकट. तोही वस्तूच झाला. तुम्ही त्याच्या कर्त्या, म्हणून तुम्हाला विचारतेय. तुम्ही म्हणाल तर मी दगडात उतरायचा धोका पत्करून बघेन. उद्या सांगा.”

हाडवैदीण त्या दुपारी घरी गेली नाही. राणीसमोर पहारेकऱ्याची एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर बसून राहिली. मी चहा नेऊन दिला. तिनं कप हातात घेतला, प्यायली नाही.

“तुला फलकावर लिहायचंय ना?” ती म्हणाली. “मग ऐक. पण लिहू नकोस. हा हात माझ्या मुलीचा आहे.”

मग ती बोलत राहिली. मधून मधून थांबायची, खिडकीकडे बघायची, मग पुन्हा राणीकडे.

सतराव्या वर्षी ती इथे आली. वडील भिंती रंगवायचे, ते शिडीवरून पडून गेले आणि काकानं ओळखीनं तिला संग्रहालयाच्या कारखान्यात चिकटवलं. काम काय, तर प्लॅस्टर चाळायचं. दोन वर्षं नुसतं चाळलं. संध्याकाळी पापण्यासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. मग कालवायला शिकली, मग साचे घ्यायला, मग जोडायला. निवृत्त झाली तेव्हाही हुद्दा ‘मदतनीस’च होता. “स्वतःचं असं मी काहीच केलं नाही बघ,” ती म्हणाली. “दुसऱ्याचं काम जिथे तुटलं तिथे माझं सुरू. आणि माझं कुठे सुरू झालं ते कुणाला दिसलं की मला बोलणी.”

मोडलेल्या मूर्ती इतक्या हाताखालून गेल्या की तिला त्यांची भाषा कळायची. आधीच्या आठवड्यात ती सहज दालन बघायला आली होती, तेव्हा तिनं मला दालनभर फिरवून नाकं दाखवली होती. “पडून मोडलं तर शेंडा जातो. हातोडा मारला तर मुळापासून जातं. ही बघ, मुळापासून. ही पण. बाईचं नाक कापायची हौस फार जुनी गं. आणि नाकानंतर हात. त्यातही ज्यात काही धरलेलं असतं तोच.”

नवरा तिथलाच पहारेकरी. जिन्यापाशी उभा असायचा. “चोर पकडायला ठेवला होता,” ती म्हणायची, “तर हाच मला घेऊन गेला.” त्यांना एकच मुलगी. एका जागी कधी ठरली नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत. शाळा सुटली की पोर सरळ कारखान्यात यायची आणि मूर्तींमधून पळापळी करायची. तिला प्रश्न फार.

“आई, ह्या सगळ्या राण्याच ना?”

“हो.”

“मग ह्यांच्या घरी भांडी कोण घासतं?”

“दासी असतात.”

“मग दासीची मूर्ती कुठाय?”

थोडी मोठी झाल्यावर म्हणायची, “ह्या सगळ्या पुरुषांनी केल्यात, हो ना? म्हणूनच खांदे पैलवानाचे आणि वर चेहरा असा की चार दिवस झोप झाल्यासारखा. एक तरी राणी दमलेली दाखव मला. आई, मी मोठी झाले ना की एक दमलेली राणी करणार. पाय सुजलेली.”

“काही नको,” हाडवैदीण म्हणायची. “ह्या धंद्यात बाईला कुत्रं विचारत नाही. तू शिक, ऑफिसात बस, पंख्याखाली. छिन्नीला हात लावलास तर तंगडं मोडीन.”

“मोड की. तूच जोडशील.”

दगडी राणी आली तेव्हा भिंगरी अठरा वर्षांची होती. राणीला उजवा हात नव्हता. दालनाचं उद्घाटन चार दिवसांवर आलेलं, आणि तेव्हाचे साहेब म्हणाले, “बिनहाताची राणी लोकांना भिकारीण वाटेल. हात लावा, हातात भाला द्या.” ज्या शिल्पकारानं हात करायचं कबूल केलं होतं त्यानं आयत्या वेळी आजारपणाचं कळवलं. साहेबांनी कारखान्यात येऊन सगळ्यांकडे बघितलं. एके काळी प्लॅस्टर चाळणारी ही बाई म्हणाली, मी करते.

“कोरायला वेळच नव्हता,” ती मला सांगत होती. “मग मी काय केलं, दाताचे डॉक्टर माप घ्यायला ती गुलाबी पूड वापरतात ना, ती आणली. बादलीत कालवली. भिंगरीला म्हटलं, मूठ अशी सैल धर, मधून काठी जाईल इतकी, आणि घाल आत. सात मिनिटं हलायचं नाही. ती म्हणाली, आई, सात मिनिटं? मी झोपेत पण हलते.” हाडवैदीण हसली. “पण नाही हलली. नाक खाजलं तर मला म्हणाली, तू खाजव. बादलीत हात घालून बसलेली, आणि मी तिचं नाक खाजवतेय. आयुष्यात तेवढीच सात मिनिटं पोरगी गप्प बसली.”

हात सुरेख उतरला. पण जिवंत माणसावरून घेतलेला साचा खोटं बोलत नाही. कातडीवरची छिद्रं, अंगठ्यावरचा डब्याच्या झाकणानं कापल्याचा वण, चावलेली नखं, सगळं आलं. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, “राणी नखं खाते होय?” मग तिनं पॉलिश पेपर घेतला. दिवसभर घासून छिद्रं घालवली, वण बुजवला, नखं लांब केली, वर दगडाची पूड आणि मेण चढवलं. बाहेरून हात राणीचा झाला. मुठीच्या आत मात्र पॉलिश पेपर पोचत नव्हता आणि तिथे कोण बघणार होतं? तिथून भाल्याची काठी आरपार गेली, मेणानं पक्की बसली. तळहात आत तसाच राहिला, जसा होता तसा.

आणि सळई. पितळी सळई भांडारात नव्हती. मागणीचा कागद फिरून यायला आठवडा लागला असता. खिडकीच्या जुन्या गजाचा तुकडा पडला होता, तो तिनं घातला. महिन्याभरात पितळ आलं की बदलू, एका दुपारचं काम.

पितळ आलं. तिच्या खणात पडून राहिलं. आज करू, उद्या करू. दीड वर्षानं भिंगरीला ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली.

“त्यानंतर सळई बदलायची म्हणजे हात फोडायचा,” हाडवैदीण म्हणाली. “कसा फोडू? घरात तिचे सतरा फोटो आहेत. एकातही हात धड नाहीत, सगळीकडे हललेले. हा एवढाच न हललेला. मला ठाऊक होतं आत गंज चढतोय. दर पावसाळ्यात मनात यायचं. पण नाही झालं माझ्याच्यानं.”

नवऱ्यानं त्याच महिन्यात अर्ज केला आणि जिन्यावरची जागा सोडून ह्या दालनात बदली मागून घेतली. कारण विचारलं तर म्हणाला, पायऱ्यांवर वारा लागतो. मग निवृत्त होईपर्यंत ह्याच खुर्चीवर बसला, ह्या हातासमोर. दोघं त्याबद्दल एकमेकांशी बोलले नाहीत. आता त्याचे गुडघे गेलेत, घरचा जिनाही उतरवत नाही. म्हणून महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती एकटी तिकीट काढून यायची. परत गेली की तो विचारायचा, “कशी आहे?” ती म्हणायची, “बरी आहे.” बस, एवढंच.

चहावर साय धरली होती. तिनं कप खाली ठेवला आणि उठली.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत गेली ती जुन्या हत्यारांची गुंडाळी घेऊनच. “हात फोडू,” ती म्हणाली.

“नक्की?”

“चला, दाखवते.” तिनं आम्हाला राणीपाशी नेलं आणि दगडी मनगटाच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे एक छोटा उंचवटा होता, करंगळीच्या रेषेत, मनगटाचं हाड असतं तसा. “हे बघा. बाकी सगळी राणी ठोकळेबाज आहे. गुडघे बघा, खांबच. कान दोन्ही सारखे. पण हे हाड ज्यानं कोरलं त्यानं कुणाचं तरी मनगट जवळून बघितलेलं आहे. बायको असेल, मुलगी असेल, कोण जाणे. माझी एकतीस वर्षं राहिली इथे, पुष्कळ झालं. ह्याचं माणूस मी कशी मोडू?”

मॅडमना त्यातलं निम्मंच कळलं असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

“घरी काकांना सांगितलंत?” मी नंतर हळूच विचारलं.

“काल विचारलं त्यांनी. मी सवयीनं ‘बरी आहे’ म्हणून बसले.” ती हत्यारं उलगडत होती. “एक बरंय बघ. फोडताना का होईना, तळहात दिसेल. तेव्हा घाईत नीट बघितलाच नव्हता. साचा फाडला, घासायला बसले, काठी घातली. झालं.”

मॅडमनी आधी हाताचा बाहेरून रबरी साचा घेऊन ठेवला, आठवण म्हणून. हाडवैदिणीनं त्याला आडकाठी केली नाही आणि आनंदही दाखवला नाही. बाहेरचा हात राणीचा होता.

काम सकाळी दहाला सुरू झालं. दालन बंद ठेवलेलं, उत्तरेच्या खिडक्यांतून सपाट उजेड. मनगटाभोवती मॅडमनी कापसाच्या पट्ट्या गुंडाळल्या. हाडवैदिणीनं भाला मुठीच्या वर आणि खाली कापला. मग बारीक करवत घेऊन ती स्टुलावर बसली आणि करंगळीपासून सुरुवात केली. तिचे हात एरवी थरथरायचे, चहाचा कप वाजायचा. करवत धरल्यावर थरथर थांबली. बोटाच्या मुळाशी दहा-बारा हलके घासे, मग डाव्या हातानं बोट पेलून धरायचं, मग शेवटचा घासा. करंगळी सुटली. तिनं ती कापूस पसरलेल्या ट्रेमध्ये ठेवली. मग अनामिका. मग मधलं.

पांढरी पूड तिच्या मांडीवर, बाह्यांवर, नखांत साचत होती. तर्जनी सुटली तेव्हा तिनं करवत खाली ठेवली, मेण जरा गरम केलं आणि काठीचा तुकडा दोन बोटांनी उचलून घेतला.

एकतीस वर्षांनी तळहात उजेडात आला.

अर्धा अधिक तपकिरी होता. सळईचा गंज मनगटाकडून वर चढत आला होता, आणि त्यानं जिथे जिथे शिवलं तिथलं प्लॅस्टर ओल्या राखेसारखं भुसभुशीत झालं होतं. बोटाच्या टोकानं ते नुसतं सरकत होतं. रेषा कुठल्याच राहिल्या नव्हत्या. हाडवैदीण बघत राहिली. “माझाच गज,” ती पुटपुटली.

पण बोटांच्या मुळांशी एक पट्टा पांढरा होता. तिथे कातडीची जाळी स्पष्ट दिसत होती, कालची असावी तशी. तिनं मॅडमकडून भिंग घेतलं आणि वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली. मग तिनं स्वतःचा उजवा तळहात उघडला, त्या पट्ट्याशेजारी धरला आणि पुन्हा भिंगातून बघितलं.

“मावशी?” मी म्हटलं.

“घट्टे आहेत,” ती म्हणाली. “हे बघ. अनामिकेखाली एक, मधल्या बोटाखाली एक. माझ्या हाताला बघ. तिथेच. हे भांड्यांचे नव्हेत, लेखणीचे नव्हेत. हे लाकडी हातोडीचे आहेत. छिन्नीवर हातोडी मारून मारून पडतात. वर्ष-वर्ष मारावी लागते तेव्हा पडतात.” तिनं भिंग खाली ठेवलं. “माझी पोरगी दगड फोडत होती, आणि मला पत्ता नव्हता.”

मॅडमना तेव्हा सगळं कळलं. त्या म्हणाल्या, “मावशी, आज थांबायचं का?”

“नाही. थांबले तर पुन्हा एकतीस वर्षं थांबेन.”

सळई त्या घट्ट्यांच्या खालूनच गेली होती. तो पट्टा अखंड सुटणं शक्य नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं, तिला तर आधीपासून. तिनं छिन्नी लावली. लाकडी हातोडी उचलली, ती जरा वेळ नुसतीच धरून ठेवली, आणि मग अगदी हलके टोले दिले, झोपलेल्या माणसाला उठवावं तसे. पट्टा तीन ठिकाणी तुटला. राखेसारखं प्लॅस्टर गळून पडलं, काळी सळई उघडी झाली. दुपारी तीनच्या सुमाराला मॅडमनी तिचा शेवटचा तुकडा दगडातून ओढून काढला. मनगट सलामत होतं. हाडाचा उंचवटाही.

ट्रेमध्ये तुकडे होते. नियमाप्रमाणे त्यांच्यावर क्रमांक पडायचे आणि ते पेटीतून भांडारात जायचे. मॅडमनी एकदा ट्रेकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. “मला एक फोन करायचाय,” त्या म्हणाल्या. “खाली जाऊन येते. पंधरा मिनिटं तरी लागतील. तुकडे मी अजून मोजलेले नाहीत.” मलाही त्यांनी डोळ्यांनी खुणावलं. आम्ही दोघी जिन्यात जाऊन उभ्या राहिलो. मॅडमच्या हातात फोनच नव्हता, तो वर टेबलावर राहिला होता.

परत आलो तेव्हा हाडवैदिणीनं सगळे तुकडे कापसावर ओळीनं मांडले होते. घट्ट्यांचे तीन तुकडे शेजारी शेजारी, चिरा जुळवून. तिनं स्वतःच पेन्सिलीनं कागदावर आकडा लिहिला होता.

“एकोणीस,” ती म्हणाली. “लिहून घ्या. इथून खडूचा तुकडा कधी घरी नेला नाही मी. आता काय म्हातारपणी चोर होऊ? तेही ज्या घरात पहारेकरी बसलाय तिथे?”

मी तिला घरी सोडायला गेले. तिला नको होतं, पण जिना उतरताना ती प्रत्येक पायरीला कठडा धरत होती. रस्त्याच्या कडेनं हळू हळू चाललो. तिनं हात शरीरापासून जरा लांब धरले होते, ओले असावेत तसे. मी म्हटलं, तिथेच नळावर धुवायचे होते. ती म्हणाली, “विसरले.”

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी काका बसले होते. सडपातळ, ताठ पाठ, अजूनही पहाऱ्यावर असल्यासारखे. भिंतीवर एका मुलीचे फोटो, हसणारी, आणि प्रत्येकात हातांच्या जागी पांढरट धूर. मला बसायला सांगून हाडवैदीण त्यांच्यासमोर उभी राहिली. पहिला मंगळवार नव्हता तो.

“कशी आहे?” त्यांनी विचारलं.

त्यांचं लक्ष तिच्या बाह्यांकडे गेलं, मग मांडीवरच्या पांढऱ्या डागांकडे, मग नखांकडे. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी ती पूड रोज पाहिली होती. गेली नऊ वर्षं पाहिली नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की त्यांना कळलं.

“गंज होता?”

“हो.”

“मनगट?”

“वाचलं.”

त्यांनी मान हलवली. मग ती म्हणाली, “अहो, तिच्या हाताला घट्टे होते. हातोडीचे.”

काका खिडकीबाहेर बघत राहिले. “मीच आणून दिली होती हातोडी,” ते म्हणाले. “खालच्या मजल्यावर, जिन्याच्या पाठीमागे फुटक्या दगडांचा ढीग होता ना. माझी पाळी असली की तिथे बसायची. मला शपथ घातली होती, आईला बोलायचं नाही.”

“आणि तुम्ही एवढी वर्षं...”

“शपथ होती.”

“काय करत होती?”

“तुझा चेहरा,” ते म्हणाले. “जमत नव्हता. अर्धा झाला की फोडून टाकायची. म्हणायची, बाबा, आई एका जागी बसेल तर शप्पथ. आई दमते कधी ते बघायला मिळेल तर ना. तुझ्याशी बोलणार होती, तुला नीट समोर बसवणार होती. परीक्षा झाली की.”

खालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. हाडवैदीण त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली. काही न करता, हात मांडीवर ठेवून. तिचे पाय सुजले होते, चपलांच्या पट्ट्यांचे वळ दिसत होते. मी तिला अशी बसलेली कधी पाहिली नव्हती. काका तिच्याकडे बघत राहिले.

मग तिला मीही तिथे असल्याची आठवण झाली बहुतेक. “चहा टाकते,” ती उठत म्हणाली. “आधी हात धुते.”

“राहू दे,” काका म्हणाले. त्यांनी हात पुढे करून तिचा उजवा हात धरला, पालथा, मग उताणा केला. जाड बोटांच्या खाचांत, नखांच्या कडांना, घट्ट्यांभोवती पांढरी पूड बसलेली होती.

“थोडा वेळ राहू दे.”